ऑटोमॅटिक लाइनवर माणशी उत्पादकता मोजायची कशी? नाशिकच्या कारखान्यांसाठी पायरीपायरीने

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी अशा सगळ्या पट्ट्यांत रोजच्या वापराचा माल बनवणारे लहानमोठे प्लांट आहेत. कुणी मसाला भरतं, कुणी साबणाची पावडर, कुणी फळांचा रस, कुणी प्रवासी बॅगा बनवतं. लाइन ऑटोमॅटिक झाली की काही महिन्यांत वरून प्रश्न येतोच: मशीनवर एवढा पैसा घातला, माणसामागे माल किती वाढला? मग एक्सेल उघडून उत्पादनाला माणसांनी भागलं जातं आणि एक दणदणीत आकडा मीटिंगमध्ये झळकतो. माझ्या मते यातले बरेच आकडे चुकीचे असतात, आणि चूक सहसा मालाच्या मोजणीत नसते, माणसांच्या तासांत असते.

पॅकिंग हाताने होत असे तेव्हा हिशोब सरळ होता. दहा जणी बसल्या, आठ तास काम झालं, इतकी पाकिटं भरली. ऑटोमॅटिक लाइनवर माणूस माल बनवत नाही, माल बनवणारं मशीन चालू ठेवतो. त्यामुळे त्याचा हात किती भराभर चालतो याला फारसा अर्थ उरत नाही. मशीन किती वेळ आणि किती वेगाने चाललं, आणि ते चालू ठेवायला एकूण किती माणसं लागली, एवढंच महत्त्वाचं राहतं. शिवाय माणसं लाइनवरून गायब झाली तरी कारखान्यातून जात नाहीत. ती लाइनच्या मागे, बाजूला आणि गोदामात जातात. मोजणी तिथपर्यंत पोचली नाही तर आकडा फसवा निघतो.

हे नीट कसं करायचं ते एकाच उदाहरणावर पाहू. समजा, सिन्नरजवळच्या एका प्लांटमध्ये डिटर्जंट पावडरची ५०० ग्रॅम पाऊचची लाइन आहे. वेग मिनिटाला १२० पाऊच. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

पायरी १: हद्द आखा

कागद घेऊन लाइनचा नकाशा काढा. कच्चा माल कुठे आत येतो आणि तयार माल कुठल्या दारातून बाहेर जातो, त्या दोन ठिकाणी रेघ मारा. या दोन रेघांमध्ये ज्याचं काम आहे तो प्रत्येक जण हिशोबात येतो, मग तो कंपनीचा असो, ठेकेदाराचा असो की मशीनवाल्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर असो. हद्द एकदा ठरली की वर्षभर हलवायची नाही. आकडा वाईट आला म्हणून 'पॅलेटिंग (तयार पेट्या पॅलेटवर, म्हणजे लाकडी पाटांवर रचणं) हे डिस्पॅचचं काम' असं कुणी म्हणू लागलं, तर तिथेच थांबवा.

हद्दीचा आणखी एक प्रश्न जॉबवर्कचा. सॅशे बाहेरून भरून घेत असाल तर तो माल तुमच्या उत्पादनात धरू नका, कारण त्याचे तास तुमच्याकडे नाहीत. उलट 'एकावर एक फ्री'ची जोडपाकिटं तुमचीच माणसं महामार्गावरच्या एखाद्या गोदामात बसून बांधत असतील, तर गोदाम दूर असलं तरी ते तास तुमचे.

पायरी २: तास गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या उदाहरणातल्या लाइनवर 'माणसं किती?' असं सुपरवायझरला विचारलं तर तो सहा सांगेल: दोन ऑपरेटर आणि चार पॅकर. तो खोटं बोलत नाही, त्याला दिसणारी माणसं तेवढीच आहेत. पण रेघांच्या आत फिरून पाहिलं की पावडर भरणारे दोन हेल्पर दिसतात. शेवटच्या टोकाला पॅलेट लावणारे ठेकेदाराचे तिघे. क्वालिटीचा एक. शिवाय फिटर, फोर्कलिफ्टवाला, सुपरवायझर आणि सफाई कामगार, हे चौघे दोन लाइनमध्ये वाटलेले, म्हणजे प्रत्येकी अर्धा. ही झाली आणखी आठ माणसं. एकूण चौदा.

आठ तासांच्या पाळीत सहा माणसांचे ४८ मनुष्यतास होतात आणि चौदांचे ११२. भाजक एका फटक्यात दुपटीहून जास्त झाला. म्हणूनच एका प्लांटचा 'माणशी' आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्याआधी त्यांनी कोणाकोणाला मोजलंय हे विचारावं.

तास कुठून घ्यायचे? पगारपत्रकातून घेऊ नका. ओव्हरटाइमचा मोबदला दुप्पट दराने जातो आणि काही पत्रकांत तासच दुप्पट करून लिहिलेले असतात. चार तास जादा थांबलेला माणूस तिथे आठ तास दिसतो. भरपगारी रजाही पगारात येते, कामात येत नाही. आपल्याला प्रत्यक्ष हजर असलेले तास हवेत, म्हणून गेटचं बायोमेट्रिक आणि ठेकेदाराचं मस्टर घ्या. मशीन बंद पडून माणूस बसून होता तो वेळ मात्र वजा करायचा नाही. तो हजर होता, त्याचा तास खर्ची पडला.

ठेकेदाराचं मस्टर आणि वस्तुस्थिती यांत फरक पडू शकतो. ताळा करायला सोपा मार्ग आहे. ठेकेदार दर महिन्याला पीएफचा ईसीआर, म्हणजे ऑनलाइन चलन-विवरणपत्र, भरतो, त्यात प्रत्येक कामगाराचे एनसीपी दिवस, म्हणजे वेतन न मिळालेले दिवस, असतात. ईएसआयच्या चलनासोबतच्या यादीतही कामाचे दिवस असतात. बिलासोबत हे कागद बहुतेक कंपन्या मागतातच. ते फाइलला लावण्याआधी एकदा मस्टरशी जुळवून पाहा. फरक मोठा असेल तर उत्पादकतेआधी दुसऱ्याच एका विषयावर बोलावं लागेल.

जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद ठेवता की बदली माणूस लावून चालू ठेवता, हेही लिहून ठेवा. बदली माणसाचे तास हिशोबातून हमखास सुटतात.

पायरी ३: माल मोजा, पण योग्य जागी

पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, काउंटर बरेचदा सीलिंग जॉला (पाऊचचं तोंड गरम दाबून बंद करणाऱ्या जबड्याला) जोडलेला असतो. जॉ जितक्या वेळा मिटला तितके पाऊच, असं तो समजतो, मग पाऊच रिकामा असो, गळका असो की वजनात कमी. मोजणी चेकवेअरच्या, म्हणजे प्रत्येक पाऊचचं वजन तपासणाऱ्या यंत्राच्या, पुढे हवी, आणि महिन्याचा अंतिम आकडा तयार मालाच्या गोदामात जमा झालेल्या, क्वालिटीने पास केलेल्या मालाशी जुळायला हवा.

रीवर्कला एक कडक नियम लावा: फाडून पुन्हा भरलेला पाऊच उत्पादनात एकदाच धरायचा, त्यावर गेलेले तास मात्र सगळे धरायचे.

काउंटरवर विश्वास नसेल तर लॅमिनेटचा, म्हणजे पाऊच बनतो त्या फिल्मचा, रोल साक्षीदार म्हणून वापरा. पाऊचची कापणी २५ सेंटीमीटरला असेल तर हजार मीटरच्या रोलमधून ४,००० पाऊच निघतात. पाळीत किती रोल संपले त्यावरून एकूण किती पाऊच कापले गेले ते कळतं. त्यातून चांगला माल वजा केला की राहिलेली वेस्टेज. लॉगबुकात लिहिलेलं रिजेक्शन याच्या जवळपास आलं नाही, तर लॉगबुक पाळी संपताना अंदाजाने भरलं जातंय असं समजा.

पायरी ४: आकड्याची फोड करा

आता पाळीचा हिशोब मांडू. ४८० मिनिटांतून ३० मिनिटं जेवणाची, तेव्हा लाइन बंद. राहिली ४५०. त्यात चेंजओव्हरला (एक माल थांबवून दुसऱ्यासाठी लाइन तयार करायला) ३५ मिनिटं, बिघाडाला २५, आणि रोल बदलणं, पावडरची वाट पाहणं, पाळीच्या सुरुवातीची रखडपट्टी मिळून ३० मिनिटं गेली. लाइन प्रत्यक्ष चालली ३६० मिनिटं, म्हणजे उपलब्धता ८० टक्के. त्या वेळात पूर्ण वेगाने ४३,२०० पाऊच निघायला हवे होते, निघाले ३८,८८०. वेग ९० टक्के. त्यातले ९७२ बाद, चांगले ३७,९०८. दर्जा ९७.५ टक्के.

तिन्हींचा गुणाकार ७०.२ टक्के. हाच ओईई, म्हणजे लाइनची एकूण परिणामकारकता. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमसोबत (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, मशीनच्या देखभालीची पद्धत) हे माप रूढ केलं आणि ८५ टक्के हा उत्तम कारखान्याचा मापदंड तिथूनच सगळीकडे गेला. दिवसाला दहा वेळा चेंजओव्हर करणाऱ्या छोट्या प्लांटने त्या ८५ चा फार धसका घेऊ नये. स्वतःच्या मागच्या वर्षापेक्षा पुढे गेलो का, एवढं पाहिलं तरी पुरे.

ऑटोमॅटिक लाइनसाठीचं मुख्य सूत्र असं:

माणशी ताशी माल = लाइनचा ताशी वेग × ओईई × पाळीतला चालवण्याचा वाटा ÷ माणसं

आकडे घातले तर ७,२०० × ०.७०२ × (४५० ÷ ४८०) ÷ १४ = ३३८ पाऊच. सहाच माणसं धरली असती तर ७९० आले असते. मीटिंगमध्ये ७९० छान दिसतात, पण त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

कुठे काय हललं ते या सूत्रातून दिसतं. आकडा वाढला तर मशीन जास्त चाललं म्हणून, की माणसं कमी झाली म्हणून? पहिल्यात सुधारणा असते. दुसऱ्यात कधी सुधारणा असते, कधी फक्त फिटरची रिकामी जागा भरलेली नसते आणि तीन महिन्यांनी बिघाड वाढतात.

थांबलेला वेळ माणसांच्या तासांत मांडायची सवय लावा. वरच्या पाळीत ९० मिनिटं लाइन थांबली. चौदा माणसांचे २१ तास त्यात गेले, ११२ पैकी. 'चेंजओव्हरला पस्तीस मिनिटं लागतात' यापेक्षा 'प्रत्येक चेंजओव्हरला आठ मनुष्यतास लागतात' हे वाक्य मालकाच्या कानात जास्त वेळ राहतं.

दोन-तीन मिनिटांचे छोटे अडथळे लॉगबुकात कधीच येत नाहीत. पाऊच अडकला, ऑपरेटरने काढला, लाइन सुरू. हे सगळं वेगाच्या ९० टक्क्यांत दडून बसतं. पीएलसीमधून थांबण्याची वेळ आणि कारणाचा कोड काढता येत असेल तर काढा. स्काडा, म्हणजे मशीनची माहिती आपोआप नोंदवणारी संगणक प्रणाली, नसेल तरी चालेल. आठवडाभर रोज एक तास लाइनजवळ उभं राहून प्रत्येक अडथळ्याला त्याच्या कारणापुढे एक रेघ ओढली तरी पहिली तीन कारणं कळतात.

पायरी ५: अनेक मापांचा माल एका मापात आणा

एकाच प्रकारचा पाऊच वर्षभर भरणारा प्लांट क्वचितच सापडतो. एक किलो, अर्धा किलो आणि वीस ग्रॅमचा सॅशे, सगळं एकत्र चालतं. मग मोजायचं किलोत की नगांत?

दोन महिन्यांची तुलना पाहा. दोन्ही महिन्यांत एकूण ५,६०० मनुष्यतास. पहिल्या महिन्यात एक किलोचे ४ लाख, अर्ध्या किलोचे ६ लाख आणि सॅशे ३० लाख. दुसऱ्या महिन्यात अनुक्रमे ६ लाख, ५ लाख आणि २० लाख. किलोत मोजलं तर ७६० टनांवरून ८९० टन, म्हणजे १७ टक्के वाढ. प्रॉडक्शन मॅनेजर खूश. नगांत मोजलं तर ४० लाखांवरून ३१ लाख, म्हणजे २२ टक्क्यांहून जास्त घट. एचआर त्याला नोटीस काढायच्या बेतात. प्रत्यक्षात मुख्यतः ऑर्डरचं मिश्रण बदललं.

याला उपाय प्रमाण तासांचा. प्रत्येक मापाच्या हजार नगांना किती मनुष्यतास लागायला हवेत ते ठरवा. समजा, एक किलोला ३.६, अर्ध्या किलोला २.५ आणि सॅशेला ०.६. पहिल्या महिन्यात 'कमावलेले' तास होतात १,४४० + १,५०० + १,८०० = ४,७४०. दुसऱ्यात २,१६० + १,२५० + १,२०० = ४,६१०. प्रत्यक्ष खर्च झालेल्या ५,६०० तासांनी भागलं तर ८४.६ टक्के आणि ८२.३ टक्के. म्हणजे उत्पादकता किंचित घसरली. टनांनी सांगितलेला आनंदही खरा नव्हता आणि नगांनी दाखवलेली धडकीही.

हे प्रमाण तास स्टॉपवॉच घेऊन माणसाच्या हातांवरून ठरवू नका, कारण वेग मशीनचा आहे. मागच्या तीन महिन्यांतल्या त्या मापाच्या सगळ्या पाळ्या माणशी ताशी मालाच्या उतरत्या क्रमाने लावा, वरचा एक चतुर्थांश घ्या आणि त्यांची सरासरी काढा. एखादीच विक्रमी पाळी प्रमाण म्हणून धरली तर लोक पहिल्याच आठवड्यात तक्ता बघणं सोडतात. ठरलेले तास आर्थिक वर्षभर गोठवून ठेवा. नवं मशीन आलं किंवा पाऊचची रचना बदलली तरच बदला, आणि तारीख टाकून बदला.

पायरी ६: रुपयांतलं माप, महिन्यातून एकदाच

नगांच्या हिशोबात एक गोष्ट दिसत नाही: महाग, जास्त फायद्याचा माल बनवला का. त्यासाठी मूल्यवृद्धी घ्या. बनवलेल्या मालाच्या जीएसटी वगळलेल्या किमतीतून कच्चा माल, पॅकिंग साहित्य, वीज-इंधन आणि बाहेरून घेतलेल्या सेवा वजा करा. उरेल त्याला मनुष्यतासांनी भागा.

गोम 'बाहेरून घेतलेल्या सेवा' या शब्दांत आहे. अकाउंट्समध्ये ठेकेदाराच्या मजुरांचं बिलही त्याच खात्यात पडतं. त्यांचे तास आपण भाजकात धरले आहेत, तर त्यांचं बिल वजा करता येणार नाही. नाहीतर त्यांचं काम धरलं आणि त्याचं मूल्य टाकून दिलं असं होतं.

दुसरं, किमती गोठवा. सोडा ॲशसारखा कच्चा माल स्वस्त झाला की तुमच्या कामगारांनी काही न करताही मूल्यवृद्धी वाढते. मालाचे आणि कच्च्या मालाचे, दोन्हींचे दर एखाद्या ठरलेल्या वर्षाचे धरून गणित करा.

बाहेरची तुलना हवी असेल तर केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीचे निकाल पाहा. उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात साबण-डिटर्जंटच्या गटाचा क्रमांक २०२३ आहे. त्या पाहणीत मूल्यवृद्धी, मनुष्यदिवस आणि ठेकेदारामार्फतचे कामगार स्वतंत्र मिळतात. निकाल उशिरा येतात, त्यामुळे दिशा पाहण्यापुरते वापरा.

पायरी ७: नवं मशीन घेण्याआधी आणि घेतल्यावर

समजा, पॅलेट लावणारा रोबो आणि केस पॅकर (पाऊच खोक्यात भरणारं मशीन) घ्यायचा विचार आहे. विक्रेता सांगतो, चार माणसं कमी होतील. होतीलही. पण सेन्सर आणि प्रोग्रॅम सांभाळायला तंत्रज्ञ लागेल, फिटरचा वेळ वाढेल. धरा एक माणूस वाढला. चौदाचे अकरा झाले. ओईई तसाच राहिला तर माणशी ताशी ३३८ वरून ४३१ पाऊच. प्रस्तावात हाच आकडा असतो.

सुरुवातीच्या महिन्यांत केस पॅकर अडकतो आणि त्याच्यामागे पूर्ण लाइन थांबते. ओईई ६२ टक्क्यांवर आला तर ३८० च पाऊच मिळतात. आणि रोबो न घेता, चौदा माणसांतच चेंजओव्हर आणि छोटे अडथळे आवरून ओईई ८० टक्क्यांवर नेला तर ३८६. म्हणून माझा सल्ला: खरेदीच्या प्रस्तावात हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मागा. रोबोला माझा विरोध नाही. पाठीवर पोती वाहण्याचं काम गेलं तर बरंच आहे. पण ओईई सत्तर असताना घेतलेला रोबो त्या सत्तरातच अडकतो.

मशीन बसल्यावर माणशी माल वाढला तर ती वाढ कामगाराची म्हणायची की भांडवलाची? दोन्हींची, आणि ती पूर्ण वेगळी करता येत नाही. निदान मशीनचा घसारा आणि कर्जाचं व्याज मिळून महिन्याचा जो खर्च येतो, तो वाचलेल्या तासांच्या पगाराशेजारी लिहा.

पायरी ८: नाशिकचं कॅलेंडर तक्त्यात घाला

तुलनेचा पायाभूत काळ पूर्ण बारा महिन्यांचा घ्या. दिवाळीआधीचे दोन महिने पाया म्हणून घेतले तर पुढचं वर्षभर आपण मागेच दिसतो. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांकडे वळतात आणि ठेकेदार रोज नवे चेहरे आणून उभे करतो. माणसं मोजून तेवढीच, पण हात नवे, म्हणून वेस्टेज आणि छोटे अडथळे वाढतात. पौषात त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगी गड, तेव्हाही हजेरीत खड्डा पडतो. त्यामुळे फेब्रुवारीची तुलना जानेवारीशी करण्यापेक्षा मागच्या फेब्रुवारीशी करा.

पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन आली तरी सीलिंगचं तापमान पुन्हा यायला दहा-पंधरा मिनिटं जातात. लॉगबुकात 'लाइट गेली, १ मिनिट' असं लिहिलेलं असतं. पहिला चांगला पाऊच निघेपर्यंतचा वेळ लिहायला सांगा. कंपनीची बस द्वारका चौकात अडकली तर त्याचंही वेगळं कारण-नाव ठेवा, ते 'इतर' मध्ये टाकू नका. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांना वाहतूक वळवली जाणार हे उघड आहे. ते दिवस तक्त्यातून काढू नका, त्यांवर आधीच खूण करून ठेवा. आकडा वाईट आल्यानंतर 'तो दिवस वेगळा होता' म्हणायची मुभा कुणालाच नको.

आकडा कुणासमोर, कधी

पाळीगणिक फक्त दोन गोष्टी फळ्यावर: ओईई आणि हजर मनुष्यतास. आठवड्याला कमावलेल्या तासांची टक्केवारी. महिन्याला रुपयांतली मूल्यवृद्धी. यापेक्षा जास्त आकडे लावले तर कुणी वाचत नाही.

माणशी ताशी पाऊच हा आकडा एकेका कामगाराच्या नावाने कधीच लावू नका. वेग मशीनचा, रोलचा दर्जा खरेदी विभागाचा, चेंजओव्हरचं वेळापत्रक प्लॅनिंगचं, मग पॅकरने काय करायचं? इन्सेंटिव्ह द्यायचा असेल तर पूर्ण लाइनच्या टीमला द्या, त्यात फिटर, हेल्पर आणि ठेकेदाराची माणसंही असू द्या, आणि तो पास झालेल्या मालावर द्या. नुसत्या नगांवर दिला तर चेकवेअरची मर्यादा सैल करण्याचा मोह होतो. कमी वजनाचं पाकीट बाजारात गेलं तर २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांखाली वैधमापन शास्त्र विभागाची कारवाई कंपनीवर येते. युनियन असेल तर प्रमाण तास ठरवतानाच त्यांच्या प्रतिनिधीला सोबत बसवा आणि त्या वरच्या एक चतुर्थांश पाळ्यांची यादी त्याच्या हातात द्या.